केणी सरांची काच

केणी सर तुमच्याशी बोलण्याआधी तुम्हाला एका गोल काचेतून बघून घेतात. ही काच त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी असते. रंगाने करडी, आकाराने चष्म्याच्या एका डोळ्याएवढी. ती डोळ्यासमोर धरायची, सावकाश फिरवायची, हनुवटी किंचित वर करायची आणि मग म्हणायचं, "हां. बोला." तोवर आपण काय बोलायला आलो होतो ते आपण विसरलेलो असतो.

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. मूळचा साताऱ्याकडचा, नोकरी विम्याच्या कचेरीत, आणि स्वभाव तिरसट, असं बायकोचं मत. सर राहायला आले त्या दिवशी मी त्यांना पाण्याच्या वेळा सांगायला वर गेलो. त्यांनी दार उघडलं, मला काचेतून पाहिलं, काच वळवली आणि म्हणाले, "जगताप, तुमच्या टकलावर चकाकी फार आहे. ही अशी धरली की जाते." मी पाण्याच्या वेळा न सांगताच खाली आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांकडे पाणी नव्हतं, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

मुलांना मात्र सर म्हणजे फुकटची जत्रा. कुणाच्याही मोबाइलसमोर त्यांनी काच धरून फिरवली की पडदा काळाठिक्कर. आणखी फिरवली की पुन्हा लख्ख. आमच्या वॉचमनने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बिचाऱ्याचा चेहराच पडला. त्याला वाटलं, मोबाइल गेला.

"काही बिघडलं नाही," सर म्हणाले. "या पडद्यातला उजेड एकाच रेषेत डोलत बाहेर येतो. काच आडवी आली की अडतो. वळवून बघा."

'वळवून बघा' हा सरांचा सगळ्यावरचा इलाज. दुधाच्या पिशवीचं तोंड कापता येत नसेल तरी वळवून बघा, आणि सून उलट बोलत असेल तरी वळवून बघा. तळमजल्यावरच्या देशपांडे काकूंनी हा सल्ला सुनेच्या बाबतीत खरंच मनावर घेतला. त्याचं पुढे काय झालं ते सोसायटीत कुणी मोठ्याने बोलत नाही.

सर मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तीसेक वर्षं होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. तिथे नेमकं काय करायचे, असं मी त्यांना एकदा लिफ्टमध्ये विचारलं. असले प्रश्न लिफ्टमध्ये विचारू नयेत, कारण आमच्या लिफ्टमध्ये समोरासमोर दोन आरसे आहेत.

"हेच करायचो," सर म्हणाले आणि त्यांनी दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं. "दोन आरसे समोरासमोर. फक्त आमचे केसाच्या जाडीपेक्षाही जवळ. मध्ये सेमीकंडक्टरचा पातळ थर. उजेड आत शिरला की इकडून आपटतो, तिकडून आपटतो, आणि दर खेपेला त्या थराला भेटतो. भेटून भेटून अशी वेळ येते, की उजेड कुठला आणि पदार्थ कुठला हेच सांगता येत नाही. दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी होतं. त्याला पोलॅरिटॉन म्हणतात."

"म्हणजे संसारच की," मी म्हणालो.

"छे. संसार टिकतो. हे सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढंही टिकत नाही." मग म्हणाले, "पण तेवढ्यात वाहून घेतं. पाण्यासारखं. उजेडाचं पाणी होतं, जगताप."

दुसऱ्या दिवशी लिफ्ट अर्धा तास बंद. सर आत स्टुलावर उभे राहून गवंड्याची पाणसळ लावून आरशांचे स्क्रू पिळत होते. चौथ्या मजल्यावरच्या मिसाळ वहिनी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन जिना चढल्या आणि वर पोचल्यावर त्यांनी मला फोन केला. त्या काय बोलल्या ते सोडून द्या. मी सरांना जाब विचारला, तर ते म्हणाले, "आरसे समांतर नव्हते. वहिनींना रोज त्रास होत होता, फक्त त्यांना कळत नव्हतं."

आमच्या वार्षिक सभेलाही सर येतात. त्या पोलॅरिटॉनना म्हणे एक फिरकी असते, डावी किंवा उजवी. नीट सोडले तर डाव्या फिरकीचे एका बाजूला वाहतात आणि उजव्या फिरकीचे दुसऱ्या, कुणी काही सांगावं लागत नाही. सभेत पार्किंगवरून भांडणारे खिडकीकडे आणि पाण्यावरून भांडणारे दाराकडे आपोआप जमले, तेव्हा सर उठून उभे राहिले. काचेतून त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, "सुंदर" म्हणाले आणि बसले. इतिवृत्तात मी लिहिलं, 'केणी सरांनी सभेचे कौतुक केले.' इतक्या वर्षांत आमच्या सभेचं झालेलं ते एकमेव कौतुक.

सर मूळचे शेजारच्या बोनकोड्याचे, आगरी. एकदा ते मला गावातल्या एका हळदीला घेऊन गेले. डीजे असा, की छातीतली फासळी न् फासळी वेगळी मोजून घ्यावी. आधी जो तो आपापल्या तालावर नाचत होता. गर्दी वाढली आणि एका क्षणी सगळा मांडव एकाच पावलावर आला. सर खुर्चीवर चढले, मांडवाचा खांब धरला आणि माझ्या कानात ओरडले, "बघा, हा झाला कंडेन्सेट. आता कोण कुठला ते शोधू नका, सगळे मिळून एकच." खांब हलू लागला, तसा त्यांचा चुलत भाऊ खालून म्हणाला, "दादा, तो खांब सोर आदी. मांडव परल."

असा हा माणूस. लिफ्टमध्ये, सभेत, हळदीत, जिथे सापडेल तिथे लोकांना आपला विषय समजावून सांगणारा. फक्त एका व्यक्तीला त्यांना तो आयुष्यभर सांगता आला नव्हता.

ती म्हणजे त्यांची मोठी बहीण चांगुणा. गावात सगळे चांगुबाय म्हणतात, सर नुसतं बाय. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिने मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या आणि भावाला शिकवलं. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, मिठागर गेलं, गावात इमारती उभ्या राहिल्या. बाय आता आपल्याच चार मजली इमारतीत तळमजल्यावर एकटी राहते, वर भाडेकरू. सरांनी लग्न केलं नाही. रोज संध्याकाळी सहाला ते बायकडे जातात, आणि बाय रोज विचारते, "हरी, तू करायचास तरी काय रं नक्की?"

सर काहीतरी सांगू पाहायचे. तिच्यापुढे पोलॅरिटॉन आणि कंडेन्सेट त्यांच्या तोंडातून फुटायचेच नाहीत. शेवटी बायने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, "माजा भाऊस काचंच्या कामाला होता." त्यामुळे भाडेकरू फुटलेले आरसे सरांकडे घेऊन यायचे. सर ते मुकाट्याने बसवून द्यायचे.

एका रविवारी सर माझ्या दारात आले. खिशात काच होती, पण ती त्यांनी बाहेर काढली नाही. तेव्हाच मला कळलं, की काहीतरी बिनसलंय.

"बायचा एक डोळा कधीच गेलाय," ते म्हणाले. "दुसऱ्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. डॉक्टर म्हणतात, करायला तर हवं, पण डोळा आतून खराब आहे, दिसेलच असं सांगता येत नाही." मग खाली बघत म्हणाले, "माझ्याकडे शेवटच्या प्रयोगाची चार मिनिटांची फिल्म आहे. ती तिला एकदा दाखवायची आहे. गुरुवारच्या आधी. लॅपटॉप तिला लहान पडेल. सोसायटीच्या ऑफिसातला तो मोठा मॉनिटर मिळेल का?"

तो मॉनिटर सीसीटीव्हीचा. सोसायटीची वस्तू आवाराबाहेर न्यायची तर कमिटीचा ठराव लागतो, हा नियम मीच केलेला. मी स्क्रूड्रायव्हर आणला, मॉनिटर उतरवला आणि वॉचमनला सांगितलं, आजचा दिवस गेटवर डोळ्यांनी लक्ष ठेव.

आम्ही बोनकोड्याला पोचलो तेव्हा बाय कोरं लुगडं नेसून पलंगावर बसली होती. डोळ्यांवर जुन्या घडणीचा जाड काळा चष्मा. मला वाटलं, डॉक्टरांनी दिला असेल. सर वायरींमध्ये गुंतले होते, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

फिल्म सुरू झाली. निळ्या-पिवळ्या रंगाचा एक प्रवाह पडद्यावरून वाहू लागला. मध्ये एक काळा ठिपका, ओढ्यातल्या दगडासारखा. प्रवाह त्याच्यावर आपटत होता, लाटा उठत होत्या. सर बायकडे वळले.

"दिसतंय ना, बाय?"

"नाय रं. कालोख हाय."

मला तर सगळं स्वच्छ दिसत होतं. सरांनी वायर काढून पुन्हा लावली, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला. "आता?"

"कालोखच हाय, हरी."

सर खुर्चीत बसले.  गुरुवारच्या आधीच बायचा डोळा गेला आणि आपल्याला उशीर झाला, असंच त्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो, कारण त्या माणसाच्या तोंडाकडे मला बघवेना.

"मी तं मुद्दाम तुजा चश्मा घातलाय," बाय म्हणाली. "तू पयल्या पगाराचा आनलेलास तो."

सरांनी मान वर केली. उठून तिच्याजवळ गेले आणि त्या चष्म्याला बोट लावून बघितलं. मग खिशातली काच काढून पडद्यासमोर धरली, फिरवली. पडदा काळाठिक्कर झाला. सर हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मग दोघांच्या बोलण्यातून मला कळलं. मिठागरातल्या पाण्यावरून येणारं ऊन आडवं डोलत डोळ्यांत घुसतं. त्या चकाकीत वर्षानुवर्षं पाट्या वाहून बायचे डोळे सदा लाल असायचे. शिकायला गेलेल्या हरीने प्रयोगशाळेतला या काचेसारखाच करडा पातळ पापुद्रा कापून स्वतःच्या हाताने तिच्यासाठी चष्मा बनवला, आडवा उजेड अडवणारा. फ्रेम पहिल्या पगाराची. बायने तो मिठागरात एकदाही घातला नाही, बाया हसतील म्हणून. पेटीत जपून ठेवला, आणि भावाचं काम बघायचं म्हणून आज काढला. आमच्या मॉनिटरचा उजेडही आडवाच. वॉचमनच्या मोबाइलवर शंभरदा केलेला खेळ सरांना स्वतःच्या बहिणीच्या डोळ्यांवर ओळखू आला नव्हता.

"बाय," सर तिच्या शेजारी पलंगावर बसत म्हणाले, "मान जरा इकरं कर. अशी वाकरी."

बायने मान कलती केली. ती सरांच्या खांद्यावर टेकली.

"दिसलं," ती म्हणाली.

सरांनी फिल्म पहिल्यापासून लावली. लाटा उठल्या, आपटल्या, आणि मग हळूहळू शांत झाल्या. प्रवाह त्या ठिपक्याला वळसा घालून जाऊ लागला, एकही तरंग न उठवता. बायने पडद्याकडे बोट केलं.

"आपल्या उघारीचा पानी दगरावर आपटून निस्ता फेस करायचा," ती म्हणाली. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं दार. "यो पानी लय शाना हाय. दगराला कलला पन नाय."

"पानी नाय बाय. उजेड हाय."

"उजेडाचा पानी केलास?"

"हां."

"मंग यवरे दिस सांगितलास का नाय?"

 चार मिनिटं संपली होती. सरांनी फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.

गुरुवारचं ऑपरेशन नीट झालं. बायला आता समोरचं माणूस ओळखू येतं, फिल्मही बिनचष्म्याची दिसेल इतपत दिसतं. मॉनिटर मात्र अजून बोनकोड्यालाच आहे. सोसायटीच्या रजिस्टरात तो 'दुरुस्तीला दिला' असा आहे, आणि त्याखाली सही माझी आहे. दर रविवारी ती चार मिनिटं पुन्हा बघितली जातात. बाय तो चष्मा घालते, सर शेजारी बसतात आणि मान खांद्यावर टेकते.

परवा मी गेलो होतो. सर आत चहा करत होते. माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे. मी बायला म्हणालो, "बाय, तो चष्मा काढलात तर मान वाकडी करावी लागणार नाही. सरळ दिसेल."

"मना काय कलत नाय?" बाय हळूच म्हणाली. "चश्मा काहारला, तं पोर बाजूला येऊन कशाला बसल?"

सर चहा घेऊन आले. खिशातल्या काचेतून त्यांनी आम्हा दोघांना बघितलं आणि विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हणालो. बायने चष्मा नीट केला आणि बाजूला सरकून जागा दिली.