डाव्या गोगलगाई आणि कालिंदीबाईंचा सवाल

"यंत्रास डावे-उजवे कळते काय?" हा सवाल भर सभेत जाहला, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, त्याची हकिकत शारदेस नमून लिहितो ती ऐसी. राज्यात शंखकोठी म्हणून शंखशिंपल्यांच्या संग्रहाचे थोर स्थळ, आणि तेथील त्र्यंबकशास्त्री यांणी यंत्रास गोगलगाईंची चित्रे दाखवून, ही उंच, ही पट्ट्यांची, ही उजव्या वेढ्याची, ऐसे पढविले, मग नवे चित्र दाखवावे आणि यंत्राने आपले आपण रूपवर्णन लिहावे, ऐसी करामत केली. डाव्या वेढ्याची गोगलगाय एका काळडोंगरीच नांदे, म्हणून तो डोंगर राखीव. परंतु यंत्राने डोंगरावरील यच्चावत गोगलगाई उजव्या ठरविल्या, मग डाव्यांचा वंश बुडाला ऐसे जाहीर जाहले, आणि खाणवाले सुरुंग घेऊन सिद्ध जाहले.

त्या निमित्ते शंखकोठीत भरल्या सभेत शाळेच्या पोरी मागे बसल्या होत्या, त्यांत पायथ्याच्या कालिंदीबाई, डाव्या गोगलगाई अंगणात पाहून वाढलेल्या, आतल्या आत उकळत होत्या. सखी हेमांगी कुजबुजली, "तू तर पाणी प्यायला जाऊ का, हेही माझ्याकडून विचारवून घेतेस. आज विचारून दाखव, नाहीतर उद्याचा डबा आमचा." मग बाई उठल्या आणि उपरोक्त सवाल टाकिला, आणि सभा खो-खो हसली.

शास्त्रीबुवा म्हणाले, "कळते, बाळ. चित्रे थोडी पडली, म्हणून प्रत्येक चित्र आरशातल्यासारखे उलटून दुसरे केले. फुलपाखरांस हीच रीत, कधी बाधली नाही."

"फुलपाखरू उलटले तरी तसेच दिसते, बुवा. उजवी गोगलगाय उलटली की डावी दिसते, आणि आपण तीस उजवीच म्हटले. मग खरी डावी आली, तीही यंत्रास उजवीच. त्या बापड्याचा काय दोष?"

शास्त्रीबुवांनी शंख आरशापुढे धरिला, बराच वेळ पाहिला, आणि बोलिले, "चूक माझी. सुरुंग थांबवा." मग चित्रे न उलटता यंत्र तेथल्या तेथे पुन्हा पढविले, आणि त्याने डाव्या गोगलगाई बिनचूक ओळखिल्या.

तात्पर्य, डोंगर राहिला, डबा राहिला, आणि कालिंदीबाई ताठ मानेने घरी आल्या. आईसाहेब व वडील आबा दारीच होते. आईसाहेब म्हणाल्या, "हात धू. उद्यापासून डॉक्टरकीचा क्लास आहे, ठाऊक आहे ना?"

"आई, आबा, त्या क्लासास मी जात नाही. यंत्रांस जीव ओळखायला शिकविणार. शास्त्रीबुवांनी शंखकोठीत शिकावयास बोलाविले, त्यांस हो म्हणून आले आहे."