सात नंबरची खुर्ची

पोस्टमास्तरांच्या बैठकीच्या खोलीला शेवटी चित्रपटगृहाचा परवाना मिळाला. पण असं काही झालेलंच नाही, असं धरून चालू. पोस्टमास्तर स्वतः तेच धरून चालतात.

निवृत्त झाल्यावर त्यांची एकच इच्छा होती. जन्मभर खिडकीच्या आतून लोकांच्या रांगा पाहिल्या. आता आपल्या घरात, आपल्या दिव्याखाली, रिकाम्या खोलीत निवांत पेपर वाचायचा. ही इच्छा त्यांनी बायकोला बोलून दाखवली आणि तिथेच माशी शिंकली.

कारण त्याच आठवड्यात गावातलं एकुलतं एक थिएटर विकलं गेलं होतं. ते मुळात तेलाची गिरणी. मालकाने तेलातला पैसा सिनेमात घातला. सिनेमातला पैसा कुठे गेला हे त्यालाही कधी कळलं नाही. पत्र्याला इतकी भोकं की दुपारच्या खेळाला नायिकेला उन्हाच्या देवी निघायच्या. पंखा एकच, तो बाल्कनीत, आणि बाल्कनी बंद. तरी अर्ध्या गावाची लग्नं तिथे जमली आणि उरलेल्या अर्ध्याची तिथेच मोडली. पुढे माणसं कमी आणि वटवाघळं जास्त झाली. वटवाघळं तिकीट काढत नाहीत. मालकाने जागा पार्किंगसाठी देऊन टाकली आणि दारावर पाटी लावली : ‘खुर्च्या फुकट. ज्याची त्याने न्यावी.’

“अहो, सात नंबर आणा ना,” बायको म्हणाली. “लग्नाआधी आपण तिथेच बसायचो.”

“एकच खुर्ची हं. कोपऱ्यात ठेवू.”

थिएटरात मालक म्हणाला, “सात नंबर एकटी कशी निघेल? पाच ते आठ एकाच लोखंडी पट्टीवर आहेत. न्यायच्या तर चौघी न्या. फुकटात आवडनिवड नसते, पोस्टमास्तर.”

हातगाडीवरून चौघी घरी आल्या. दारातून जाईनात म्हणून दाराची चौकट काढली. खोलीत मावेनात म्हणून सोफा मेहुण्याकडे गेला. मग पोस्टमास्तर मोठ्या समाधानाने खुर्चीत बसले आणि थेट छताकडे बघू लागले. उठता येईना. बायकोने आणि हातगाडीवाल्याने दोन्ही हातांना धरून ओढून काढलं.

सुताराने खाली वाकून पाहिलं. “साहेब, थिएटरची जमीन उतरती होती. म्हणून पुढचे पाय लांब केलेत.”

“मग काप की.”

“बिडाचे आहेत. कापले की तडकतात. खुर्च्यांत काही दोष नाही हो. तुमची जमीन चुकीची आहे.”

मागच्या पायांखाली विटा ठेवून पाहिल्या. पहिल्याच दिवशी टीव्ही बघता बघता बायको चारही खुर्च्यांसकट टीव्हीला जाऊन भेटली. शेवटी गवंडी आला आणि खोलीच्या जमिनीला उतार देऊन, पाय सिमेंटमध्ये पक्के करून गेला. आता खुर्च्या सरळ झाल्या. फक्त कपाट घसरून टीव्हीच्या बाजूला गेलं, आणि जमिनीवर ठेवलेली कपबशी आपण होऊन पुढे जाऊ लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बरोबर खेळाच्या वेळेला, टेलर आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ पाच नंबरवर बसला.

“अहो, हे काय?”

“माझी जागा. ही बघा खुर्चीच्या हातावरची भोकं. सुया टोचून ठेवायचो.”

पाठोपाठ शाळेच्या निवृत्त हेडबाई आल्या आणि आठ नंबरवर बसल्या. सिनेमातल्या माणसांच्या चुका मोठ्याने काढायची त्यांना सवय होती. मग खुद्द थिएटरचा मालक आला. “जन्मभर दाराशी उभा राहून सिनेमा पाहिला,” तो सहा नंबरवर टेकत म्हणाला, “एकदा बसून बघू द्या.” सात नंबरवर बायको होतीच.

पोस्टमास्तरांनी कोपऱ्यात उभं राहून दिवा लावला आणि पेपर उघडला.

“लाइट बंद!” चौघेही ओरडले. चौघांत बायकोचा आवाज वरचा.

दुसऱ्या दिवशी शेजारी येऊन पुढे जमिनीवर बसले. नायक आला की शिट्ट्या वाजू लागल्या. वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली आणि नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला.

“बरं झालं आलात!” पोस्टमास्तरांचे डोळे भरून आले. “हाकला सगळ्यांना.”

इन्स्पेक्टरने खोलीभर नजर फिरवली. “खुर्च्या जमिनीत पक्क्या. जमीन उतरती. खोलीत अंधार. मध्यंतर होतं?”

“होतं की,” बायको कौतुकाने म्हणाली. “मी चहा देते.”

“मग हे चित्रपटगृह. परवाना काढा.”

“अहो, पण मी इथे राहतो!”

“तेवढं बघा बुवा. चित्रपटगृहात राहायला परवानगी नाही.”

आणि मग नियमाप्रमाणे सगळं झालं. दुसरा दरवाजा हवा म्हणून स्वयंपाकघराची भिंत फुटली. वाळूच्या लाल बादल्या आल्या. न्हाणीघरावर ‘पुरुष’ अशी पाटी लागली. बायकांनी शेजारी जायचं ठरलं.

परवाना भिंतीवर लागला त्या संध्याकाळी मध्यंतरात बायको हळूच म्हणाली, “अहो, रागावू नका हं. आपली सात नंबर ही नव्हे. आपण मागच्या रांगेत बसायचो.”

“हे तू आत्ता सांगतेस?”

“आधी तुम्ही चौकट काढत होतात, मग जमीन उकरत होतात. मध्येच कसं बोलायचं? आणि इथून दिसतं छान.”

“छान? अगं माझं घर...”

“शू!” हेडबाई म्हणाल्या. “बोलायचं असेल तर बाहेर जा.”

पोस्टमास्तर बाहेर गेले. बाहेर रांग होती. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी अर्ज लिहिला :

‘मा. मुख्याधिकारी यांस. अर्जदार हा सदर चित्रपटगृहात, खुर्ची नसताना, पत्नीसह वास्तव्यास आहे. तरी दोन खेळांच्या मधल्या वेळेपुरता सदर वास्तूस घराचा दर्जा देण्यात यावा, आणि त्या वेळेत पेपर वाचण्याइतका एक दिवा लावण्याची अर्जदारास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’