पंखा नसलेला लॅपटॉप

मेढ्यात त्या आठवड्यात राहीबाईंचं दही लागलं नाही.

मांजर टेबल सोडून चुलीपाशी राहायला गेलं.

राहीबाईंच्या दिरांनी, आप्पासोंनी, शिरवळच्या एका कारखान्यात सुपरवायझरची जागा बघून ठेवली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या बायडाबाई गरम खिचडी घेऊन आल्या आणि उंबऱ्यावरच पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "व्हतं असं. धीर धरा."

या सगळ्याला कारण एकच. राहीबाईंच्या मुलाने, जयराजने, लॅपटॉप बदलला होता.

जयराज पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करायचा. जुना लॅपटॉप विटेएवढा जाड. सुरू केला की आतला पंखा गिरणीसारखा घरघरायचा, पार गोठ्यापर्यंत ऐकू जायचं. मागून गरम हवा यायची, तिथे राहीबाई विरजण ठेवायच्या. चार्जरवर मांजर. ओसरीवर बसलेल्या आण्णांना लेकाला बघायची गरज नसायची. घरघर चढली की ते आल्यागेल्याला सांगायचे, "हळू बोला. पोरगा कामावर हाय."

नवा लॅपटॉप पाटीसारखा पातळ. पंखाच नाही. दिवसभर चालवला तरी गार.

मेढ्यात काम म्हणजे आवाज. गिरणी वाजते, मळणी वाजते, विहिरीवरची मोटर वाजते. आवाज थांबला म्हणजे लाइट गेली, नाहीतर धंदा बसला. लाइट तर होती.

"आवं, त्यानं नवीन मशीन घेतलंय म्हणं," राहीबाई म्हणाल्या.

"घेतलं न्हाई, दिलं आसंल," बायडाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना रिटायर होताना घड्याळ दिलं व्हतं."

आण्णांनी जयराजला काही विचारलं नाही. नोकरी गेलेल्या पोराला बापाने विचारू नये, असं त्यांचं मत. त्याच्या ताटात तुपाची धार मात्र वाढली. जयराजला वाटलं, लग्न ठरायला आलं म्हणून लाड चाललेत. तो खात राहिला.

आता त्याला कामंही सांगायला लागले. पूर्वी घरघर चालू असताना कुणाची हिंमत नव्हती.

"बसलाईसच तर म्हशीला पानी दाव," राहीबाई म्हणाल्या.

"आई, मीटिंग चालूय माझी."

"व्हय रं बाळा," आण्णा मऊ आवाजात म्हणाले, "चालूच हाय ती."

जयराज एका हातात लॅपटॉप आणि एका हातात दोर घेऊन गेला. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, अजून कुणाला काही बोलायचंय का. म्हैस बोलली.

आणि मग विट्याहून फोन आला. संयोगिताच्या वडिलांचा, रिटायर सुभेदारांचा. जयराज आणि संयोगिताची सोयरीक जवळजवळ ठरलेली, सुपारी तेवढी फुटायची राहिली होती.

"आण्णा, रविवारपातूर थांबत न्हाई. उद्याच येतो. जरा बोलायचं हाय."

आण्णांनी फोन खाली ठेवला. बातमी विट्याला पोचली होती. बिनकामाच्या पोराला कोण पोरगी देतंय.

सकाळी ते स्वतः माळ्यावर चढले. जुना लॅपटॉप काढला, जयराजच्या खोलीत नेऊन लावला आणि दाराला बाहेरून कडी घातली. आत घरघर सुरू झाली. जयराजला म्हणाले, "तू परसात बस. पाव्हणं जाईस्तवर पुढं येऊ नगंस."

"का?"

"बापाचं ऐकावं कवातरी."

सुभेदार आले. ताठ बसले. चहाचा कप हातात घेतला आणि कान टवकारले.

"हे काय वाजतंय?"

"जयराज. कामावर हाय."

सुभेदारांचा चेहरा पडला. आण्णांना वाटलं होतं, खुलेल. "नशीबवान हायसा," सुभेदार म्हणाले आणि चहाकडे बघत बसले.

परसात रेंज नव्हती. त्यामुळे जयराज उघडा लॅपटॉप डोक्याएवढा उंच धरून, "हॅलो, आता येतंय का ऐकू?" असं विचारत ओसरीवर आला.

सुभेदारांनी त्याच्याकडे बघितलं. मग कडी घातलेल्या दाराकडे बघितलं. आत घरघर चालूच होती.

"मग आत कोण हाय?"

"कुणी न्हाई," आण्णा म्हणाले. "नोकरी गेली पोराची. म्या लपवलं. तुमी म्हणाल तर मोडू सोयरीक."

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "आण्णा, म्या बी त्येच सांगाया आलो. आमच्या संयोगिताची बी गेली. लय दिस झालं, तिच्या खोलीतनं आवाजच न्हाई. फसवून पोरगी द्यायची न्हवती मला."

जयराजने कानातला इअरफोन काढला. आधी आण्णांकडे बघितलं, मग सुभेदारांकडे.

"कुणाचीच गेली न्हाई. तिनं लॅपटॉप बदललाय. तिचा बघूनच मी हा घेतला. ह्याला पंखाच नसतो."

"मग ती दिसभर करती काय खोलीत?"

"काम. बढती मिळालीया तिला."

"बोलली न्हाई."

"तुमी विचारलं का?"

आण्णांनी टोपी काढून पुन्हा घातली.

जयराजने कडी काढली आणि जुना लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे रं वाईच," मागून सुभेदार म्हणाले. "पोरगी रातपाळीला असली की ह्याच आवाजावर झोप लागायची आमाला. पोरगी जागी हाय, घर जागं हाय, असं वाटायचं. आता ती शेजारच्या खोलीत असती आन् आमाला कळत बी न्हाई."

आण्णांनी दोन खुर्च्या आत आणल्या. दोघे त्या लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर काहीच नव्हतं. मध्येच घरघर चढली, तेव्हा आण्णांनी सवयीने सुभेदारांना हळू बोलायची खूण केली.

जयराज कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता तेव्हा आण्णांनी तो लॅपटॉप साताऱ्याहून आणला होता. एसटीला गर्दी होती. आण्णांना खिडकीची जागा मिळाली. तिथे त्यांनी लॅपटॉप ठेवला आणि मेढ्यापर्यंत उभ्याने आले.