ड्रममधली हसरी तोंडं

कचऱ्याचं खत करण्यात आमच्या घरात माझा हात धरणारं कोणी नाही! आत्याने, म्हणजे माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या बाईने, आम्हाला खताचा ड्रम दिला. मी त्यात माझी सुधारणा केली. दर रविवारी आत बाटलीभर जंतुनाशक! कचरा झाला म्हणून काय, स्वच्छता नको?

शिवाय त्या ड्रमवर एक गुप्त कामगिरी सोपवलेली होती. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून बायको मला ऑफिसच्या चौकोनी डब्यात उकडून कुस्करलेला, घट्ट थापलेला फ्लॉवर द्यायची. मला खावासा वाटावा म्हणून वर गाजराचे दोन डोळे आणि एक हसरं तोंड. मी कॅन्टीनमध्ये तळलेलं हादडायचो आणि संध्याकाळी डबा ड्रममध्ये उपडा करायचो. कुजला की पुरावा खलास!

तीन महिन्यांनी आत्या खत न्यायला आली. भर दुपारी आम्ही तिघं मागच्या अंगणात ड्रमभोवती उभे राहिलो. वास नाही. माशी नाही, मुंगी नाही. आत्याने ड्रमला कान लावला.

"आत कुणीच नाही," ती हळूच म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. "कोण असायला हवं होतं?"

तिने झाकण काढलं. तीन महिन्यांपूर्वी मी अर्धवट खाल्लेलं सफरचंद माझ्या दातांच्या खुणांसकट तसंच होतं! आत्या खुरप्याने उकरायला लागली आणि खालून एक पांढराफटक, चौकोनी चेहरा वर आला. तो हसत होता. त्याच्याखाली दुसरा. मग तिसरा. साठ-सत्तर तोंडं अंधारातून माझ्याकडे बघून हसत होती!

"अरे, कुजवणारे जिवाणूच मारलेस तू!" आत्या कडाडली. "ते नसले तर जगात काही संपतच नाही. मेलेलं तसंच पडून राहतं, मातीला काही परत मिळत नाही!"

बायकोने एक चेहरा तळहातावर घेतला.

"रोज लवकर उठून गाजर कापत होते मी," ती म्हणाली. "वजन उतरेना म्हणून काटा बदलून आणला!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याने ड्रममध्ये तिच्या बागेतली टोपलीभर जिवंत माती मिसळली. आता खताचं झकास चाललंय, वाफाही येतात. मीही रोज डबा खातो. फक्त फ्लॉवरवर हल्ली हसरं तोंड नसतं. नुसते दोन डोळे असतात! मी मुकाट्याने आधी तेच खाऊन टाकतो.