झोपलेलं गिऱ्हाईक

गिऱ्हाइकाची सेवा कशी करावी यावर कोणी पुस्तक लिहायचं झालं, तर ते आपणच लिहावं, असं शेपटाचं स्वतःचं मत होतं. शेपूट हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात तो विक्रेता होता. गिऱ्हाईक काचेच्या दारातून आत आलं की ते बाहेर पडेपर्यंत हा हातभर अंतर ठेवून मागे. गल्ल्यावर बसणाऱ्या बाईंनी एकदा वैतागून त्याला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. शेपटाला त्याचं काही वाटत नसे. आपण मागे असतो म्हणून गिऱ्हाईक पुढे सरकतं, असं तो म्हणायचा.

"काय दाखवू?" हे त्याचं वाक्य. ते तो इतक्या मायेने म्हणायचा की नुसता पत्ता विचारायला आलेला माणूससुद्धा घाबरून एखादं स्टूल बघून घ्यायचा. घरीही तेच. बायको शेजारणींना सांगायची, "रविवारी दुपारी हे झोपलेले असताना जवळून जायची सोय नाही. झोपेतसुद्धा विचारतात, काय दाखवू? मी एकदा चिडून म्हटलं, दार दाखवा. तर घोरता घोरता म्हणाले, सागवानी की साधं?"

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कपाटाचं प्रकरण घडलं.

एक जाडजूड चष्म्याच्या बाई कपाट बघायला आल्या होत्या. कपाट आतून किती ऐसपैस आहे हे तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवावं, अशा सद्‌हेतूने शेपूट आधीच आत जाऊन उभा राहिला. बाईंनी दार उघडलं. शेपटाने आतून अदबीने विचारलं, "काय दाखवू, ताई?" बाईंनी जी किंकाळी फोडली ती पलीकडच्या केशकर्तनालयात ऐकू गेली आणि तिथल्या एका माणसाची अर्धी मिशी गेली. बाई मागच्या सोफ्यावर कोसळल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी कपाटही घेतलं नाही आणि सोफाही नाही. शेपटाला सोफ्याचं जास्त वाईट वाटलं, कारण तो तर त्यांनी वापरून पाहिला होता.

मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"आजपासून गिऱ्हाईक स्वतःहून बोलेपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस," ते म्हणाले. "मागे जायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही. लक्ष मात्र पुरेपूर ठेवायचं. आणखी एक तक्रार आली, की गोदामात."

गोदामाला खिडकी नव्हती, हे एक वेळ चाललं असतं. पण तिथे गिऱ्हाईक नव्हतं. दिवसभर प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या खुर्च्या, आणि त्यांना काही बघायचं नसायचं. माणसांशी बोलल्याशिवाय शेपटाला जेवण जात नसे. बायको तर त्याच्याहून जास्त घाबरली. "तिथे कोणाशी बोलणार तुम्ही?" ती म्हणाली. "दिवसभराचं साठवून सगळं घरी आणाल. मला नाही झेपायचं. त्यापेक्षा तोंडाला कुलूप लावा."

शेपटाने लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच गिऱ्हाईक आलं ते एक म्हातारे गृहस्थ. स्वच्छ धुतलेला सदरा, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. ते आत आले आणि शेपटासमोर येऊन थांबले. शेपटाने तोंडभर हसून मान झुकवली. गृहस्थांनीही झुकवली. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. जुन्या वळणाचा माणूस. दुकानदाराने विचारल्याशिवाय सांगायचं नाही, अशी त्यांची रीत. आणि गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय विचारायचं नाही, अशी शेपटाला सक्त ताकीद. त्याच्या ओठांवर "काय दाखवू" येऊन बसलं होतं. ते गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गृहस्थ गोंधळले. इकडेतिकडे बघत त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला, मग परत पहिल्यावर. शेवटी पाय दुखायला लागले म्हणून ते दाराजवळच्या मोठ्या पलंगाच्या कडेला टेकले.

हा पलंग म्हणजे दुकानाची शान. चारही पायांना चाकं. घरभर कुठेही ढकला. पण त्याच्या वाटेला कोणी जात नव्हतं. म्हणूनच तो काचेला लागून मांडला होता, म्हणजे रस्त्यावरून तरी दिसावा.

टेकलेले गृहस्थ हळूहळू कलले. कललेले आडवे झाले. आणि आडवे झालेले बघता बघता गाढ झोपले, मूठ तशीच मिटलेली.

शेपटाची पंचाईत झाली. उठवावं तर हात लावावा लागणार. हाक मारावी तर तोंड उघडावं लागणार. पण लक्ष पुरेपूर ठेवायचं होतं, आणि त्याची तर त्याला हौसच. अंगाला बोट लागू न देता त्याने गृहस्थांच्या चपला काढून जोडीने ठेवल्या. मानेखाली उशी सरकवली. डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून पडदा अर्धा ओढला. पंख्याचा वारा थेट डोक्यावर नको म्हणून पलंग जरा ढकलला.

"अरे शेपटा, ते कोण?" गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक आहे," शेपूट कुजबुजला. "हळू बोला."

"काय हवंय त्यांना?"

"उठल्यावर सांगतील."

तेवढ्यात आणखी गिऱ्हाइकं आली. शेपटाने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. आता दुकानात कोणी ओठांवर बोट ठेवून उभं असेल, तर माणसं कशासाठी ते बघायला जवळ येणारच. ती चवड्यांवर चालत पलंगाभोवती जमली. गृहस्थ शांत घोरत होते. चेहऱ्यावर असं समाधान की बघणाऱ्याला जांभई यावी.

"कुठली गादी आहे हो ही?" एकाने कुजबुजत विचारलं.

गिऱ्हाईक स्वतःहून बोललं होतं. शेपटाला परवानगी मिळाली. त्याने गादीची सगळी कुंडली कुजबुजत सांगितली, आणि कुजबुजत सांगितलेल्या गोष्टीवर माणसांचा लवकर विश्वास बसतो. पहिल्या माणसाने तशीच गादी मागितली. ते बघून दुसऱ्याने मागितली. बाहेर काचेला लोक नाकं लावून उभे राहिले.

मग एक नवरा-बायको आले. बायकोला शंका, एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला हलतं का? ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, या काकांच्या शेजारी जरा पडून बघा." नवरा संकोचाने पडला. त्याने एकदा कूस बदलली. काका हलले नाहीत. दुसऱ्यांदा बदलली नाही, कारण तोही झोपला होता. बायको त्याच्याकडे बघत राहिली. "किती दिवसांनी गप्प झालेत," ती म्हणाली. "राहू द्या. मी तेवढ्यात बाजार करून येते."

दुपारी मालक आले. गर्दी बघून त्यांना वाटलं, काही अपघात झाला. आत येऊन बघतात तो गल्ल्यावरच्या बाईंना मान वर करायला सवड नाही. त्यांनी शेपटाला कोपऱ्यात ओढलं.

"हे दोघं कोण?"

शेपूट खरं सांगणारच होता. पण मालकांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. नोकरीच्या इतक्या वर्षांत तो कधी पडला नव्हता.

"जाहिरात!" मालक भारावून म्हणाले. "काय डोकं चालवलंस. माणसं भाड्याने आणलीस ना? तो म्हातारा तर अगदी खरा झोपल्यासारखा वाटतो. काही झालं तरी ते उठता कामा नयेत."

आता हा "नाही" म्हणायचा क्षण होता. तुम्हीआम्ही म्हटलं असतं की नाही कोण जाणे; शेपटाने म्हटलं नाही. त्याला समोर गोदाम दिसत होतं आणि मागे खांद्यावरचा हात जाणवत होता.

आणि तेव्हाच एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्या मागच्याच गल्लीत राहायच्या. पलंगाभोवती एक फेरी मारून त्या म्हणाल्या, "हा पलंग मला हवा. आत्ता."

"नवीन काढून देतो, बाई," मालक म्हणाले.

"नवीन नको. नवीन कसा निघेल ते काय सांगावं? हा तपासलेला आहे. दोन माणसं साक्षीला आहेत."

हा पलंग विकला जाणं हा मालकांच्या आयुष्यातला मोठा क्षण होता. पण काचेपलीकडे अर्धा रस्ता उभा होता. झोपलेल्यांना उठवलं तर सगळं नाटक होतं असं लोक म्हणतील. मालकांनी कपाळ चोळलं आणि शेपटाच्या कानात सांगितलं, "चाकं आहेत ना? ने तसाच. पोचवून झालं की दोघांना मागच्या दाराने परत आण."

अशी ती मिरवणूक निघाली. पुढे हात आडवा करून रहदारी थांबवणाऱ्या मुख्याध्यापिका, मागे दोन हमाल, आणि काखेत काकांच्या चपला घेऊन उशाशी छत्री धरलेला शेपूट. चौकातल्या पोलिसाने पलंग बघून शिट्टी वाजवायला तोंडाला लावली. शेपटाने ओठांवर बोट ठेवलं. पोलिसाला वाटलं, कोणी फारच आजारी आहे. त्याने टोपी काढली आणि वाट करून दिली. मागून येणाऱ्या गाड्यासुद्धा हॉर्न न वाजवता हळूहळू चालू लागल्या.

इकडे दुकानात ती बायको भाजीच्या पिशव्या घेऊन परत आली. पलंगाच्या जागी रिकामी फरशी.

"माझा माणूस कुठे आहे?"

गल्ल्यावरच्या बाईंनी पावत्यांतून मान वर न करता सांगितलं, "ताई, तो डिलिव्हरीला गेला."

गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण जरा वर आलेलं होतं. पलंगाचं चाक त्याला लागलं, दणका बसला आणि म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे उघडले. वर आभाळ. शेजारी घोरणारा परका माणूस. उशाशी छत्री धरलेला तोच सकाळचा विक्रेता, तसाच हसऱ्या चेहऱ्याने मान झुकवलेला. शेपूट श्वास रोखून उभा राहिला. आता तरी गिऱ्हाईक स्वतःहून बोलेल, अशी त्याला आशा होती.

गिऱ्हाईक बोललं.

"तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाकडे लक्ष द्यायची पद्धत नाही का?" गृहस्थ उठून बसत म्हणाले. "सकाळपासून आहे मी. एका माणसाने विचारलं नाही, काय हवंय म्हणून." त्यांनी मूठ उघडली. आत खुर्चीच्या पायाचं झिजलेलं रबरी बूच होतं. "असं एक हवं होतं. नसेल तर नाही म्हणा. पण विचाराल की नाही?"

आयुष्यभर ज्याने सगळ्यांना विचारलं, त्याच्यावर न विचारल्याचा आरोप. "काका," तो रडवेला होऊन म्हणाला, "मला विचारायचं फार होतं हो."

काकांनी ऐकलं नाही. ते चपला मागून घेऊन तरातरा दुकानात गेले आणि भर गर्दीत त्यांनी मालकांकडे तक्रार केली. ती पिशव्यांवाली बायको धावत गल्लीत आली, तेव्हा मुख्याध्यापिका तिच्या नवऱ्याला खांद्याला धरून उठवत होत्या. "घ्या तुमचा माणूस," त्या म्हणाल्या. "मी फक्त पलंग घेतलाय."

शेपूट मान खाली घालून केबिनमध्ये गेला. हातात गोदामाची किल्ली पडणार हे तो धरूनच चालला होता. पण मालक खिडकीतून बघत होते. काचेबाहेर गर्दी तशीच होती आणि विचारत होती, ते झोपलेले काका कुठे गेले?

"भाड्याची माणसं नव्हती तर," मालक म्हणाले. "ठीक आहे. उद्यापासून तू झोप."

म्हणजे बोलायचं नाही, मागे जायचं नाही, पण दुकानातच राहायचं. शेपटाला देव पावल्यासारखं झालं. बायकोलाही. गोदाम टळलं म्हणून ती दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं नवीन काम बघायला चांगली साडी नेसून आली आणि काचेबाहेर सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. शेजारच्या बाईंना सांगत होती, "आमचे आहेत ते. आतले."

आत नव्या पलंगावर शेपूट खरंच झोपला होता. आदल्या दिवशीच्या धावपळीने थकला होता बिचारा. गिऱ्हाइकं चवड्यांवर येत होती, बघत होती, गादी मागत होती. तेवढ्यात त्या जाड चष्म्याच्या, कपाटवाल्या बाई आल्या. मोठ्या हिमतीने आल्या होत्या. कपाटांच्या बाजूला त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. हा माणूस खरंच झोपलाय की सोंग, ते जवळून बघायला त्या पलंगावर वाकल्या. चष्मा सावरून आणखी वाकल्या.

शेपटाला झोपेत गिऱ्हाइकाची चाहूल लागली.

"काय दाखवू, ताई?" त्याने डोळे मिटूनच, अतिशय मायेने विचारलं.

या वेळी मागे सोफा नव्हता. बाई किंकाळी फोडून पडल्या त्या सरळ पलंगावर, शेपटाच्या शेजारी. आणि शेपूट, घरी असल्यासारखा, त्यांच्या अंगावर चादर सारखी करून कुशीवर वळला.

शेपटाला गोदामात पाठवलं ते त्याच दुपारी. पण मालकांवर त्याचा राग नाही. मालक म्हणत होते, राहू दे, गाद्या खपताहेत. किल्ली मागून घेतली ती बायकोने.