उशिरा उडणारा गडी

या, असे जवळ सरकून बसा. मागं बसलं की अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं माणूस आपल्या मनानं भरतो. सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात. सांगतो ती गोष्ट तिवसा तालुक्यातली आहे, देवाच्या दारातली आहे, आणि एका माणसाच्या उजव्या हाताची आहे. हसू आलं तर हसा. ज्याच्यावर गुजरली त्याला मात्र तेव्हा हसू येत नव्हतं.

ज्या वर्षी कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी शिरली, त्याच वर्षी चंद्रभानच्या हातातला जीव गेला. लकवा तसा ओझरताच होता. तोंड लवकर सरळ झालं, पाय चालायला लागला, हात तेवढा हट्ट धरून बसला. आणि तोच तर हात होता. भजनी मंडळात खंजेरी चंद्रभानची. टाळकरी त्याच्या पंजाकडे बघून टाळ मारायचे. कीर्तनकार उत्तमराव महाराज रंगात आले की डोळे मिटून गायचे, ते त्याच्या भरवशावर मिटायचे. आता तो हात मांडीवर पडून असे, कुणीतरी सांभाळायला देऊन गेलेल्या सामानासारखा.

अमरावतीच्या डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला आणि दाबत राहा म्हणून सांगितलं. चंद्रभाननं तो जरा वेळ दाबला आणि मी काय रांगतं पोर आहे का, म्हणून खाटेखाली सोडून दिला. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत मंडळाची सेवा असे, साक्षात रुक्मिणीमातेच्या माहेरात. यंदा खंजेरी कुणाकडे द्यायची, असं मंडळी दबक्या आवाजात बोलत होती, आणि दबक्या आवाजातलं बोलणं तर माणसाला आधी ऐकू येतं. चंद्रभाननं बायकोला, कौशल्याला सांगितलं की खुंटीवरची खंजेरी काढ आणि पेटीत टाक. कौशल्यानं ती काढली, पदरानं पुसली आणि पुन्हा खुंटीलाच लावली.

"पेटीत जागा नाही," ती म्हणाली.

पेटी रिकामी होती.

तिवशाच्या बसस्टँडवर परवेजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. कौशल्या फोन दाखवायला गेली आणि फोन राहिला बाजूला, तिथंच स्टुलावर बसून रडली. परवेजला चंद्रभानकाका लहानपणापासून ठाऊक. त्याचे वडील वलीमियाँ याच जागी व्हिडिओ गेम चालवायचे, तेव्हा कापसाची गाडी घेऊन आलेला जवान चंद्रभान गाडी बाहेर उभी करून आत शिरायचा. टोपी घातलेला एक चिमुकला गडी पडद्यावर पळायचा, खड्डा आला की बटण दाबायचं, गडी उडायचा. वलीमियाँ सगळ्यांना सांगत की या पोराचा अंगठा तालात आहे, याला खड्डा दिसत नाही, ऐकू येतो.

परवेजनं तळहाताएवढं एक यंत्र शोधून काढलं, त्यात तोच खेळ भरला आणि घरी घेऊन आला. चेंडू राहू द्या म्हणाला, हे दाबा. पडद्यावर टोपीवाला गडी दिसला तसे चंद्रभानचे डोळे भरून आले. अधू हाताचा अंगठा त्यानं बटणावर ठेवला. गडी पळाला, खड्डा आला, चंद्रभाननं बटण दाबलं. गडी सरळ खड्ड्यात गेला आणि खाली पोचल्यावर उडाला.

पुन्हा तेच. आणखी पुन्हा तेच. चंद्रभाननं यंत्र खाटेवर ठेवलं.

"गडी उशिरा उडते गा, परवेज," तो म्हणाला. "मेंदूतून हुकूम निघते, पन हातापर्यंत पोचत नाही. संपलं माह्यं."

परवेजनं यंत्र हातात घेतलं. त्याचे तर दोन्ही हात धडधाकट. त्याचाही गडी खड्ड्यात गेला.

"काका, तुमचा हात नाही, हे मशीनच ढिलं हाये," तो म्हणाला. "हा खेळ बनला त्या जुन्या मशीनसाठी. तो फक्त त्या मशीनचंच ऐकते. म्हणून हे त्या मशीनचं सोंग घेते अन् खेळाले फसवते."

"म्हंजे बहुरूपी."

"बहुरूपीच. पन अक्कल लहान. दर पावलाले इचार करते, मी आता कोन हाये, मले काय कराचं हाये. तवरक गडी खड्ड्यात."

इथून परवेजच्या अंगात संचारलं. आधी त्यानं यंत्राचा वेग वाढवला. गडी झकास पळायला लागला, पण यंत्र इतकं तापलं की कौशल्यानं विचारलं, याच्यावर भाकर टाकू का. मग ते कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर धरून खेळायचं ठरलं. ओल आत गेली, बटण फुगलं, आणि गडी उलटा पळत जिथून निघाला तिथंच परत जायला लागला. घराची ओढ लागली त्याले, म्हणून कौशल्यानं पदर तोंडाला लावला. चंद्रभान हसला नाही.

बटण वाळलं तेव्हा परवेजनं मधली काही चित्रं गाळून टाकली, म्हणजे यंत्रावरचं ओझं हलकं होईल. आता गडी इथं दिसे, मध्येच अदृश्य होई आणि पलीकडे उगवे. असं प्रगट व्हायचा अधिकार फक्त देवाचा आहे, असं चंद्रभाननं ठणकावून सांगितलं. मग आवाज बंद करून पाहिला. त्यानं यंत्र खरोखर सुधारलं, पण चंद्रभानचं सगळं गणितच त्या आवाजाच्या लयीवर, मुक्या खेळात तो आंधळा झाला. आणि पडद्यावर शत्रू जास्त आले की काही केलं तरी यंत्र थिजायचं. गडी आणि त्याचे शत्रू ग्रामसभेला आल्यासारखे एकमेकांकडे बघत उभे राहायचे.

शेवटी परवेजनं हात टेकले. यंत्र होतं तसं करून दिलं, आणि याहून जास्त याच्यानं होत नाही म्हणून मान खाली घालून गेला.

आता निराश माणूस काय करील ते सांगता येत नाही. चंद्रभान खाटेवर पडल्या पडल्या तेच रडकं यंत्र दाबत राहिला, दुसरं करायला होतं काय. आणि दाबता दाबता त्याच्या अंगठ्यानं आपली आपण एक युक्ती शोधली. खड्डा यायच्या आधीच दाबायचं. यंत्राचा विचार संपेपर्यंत खड्डा येतो, गडी नेमका उडतो. तो एक खड्डा ओलांडला, मग दुसरा, मग अख्खी खिंड. आता जेवणाला हाक मारली तरी उठेना. कौशल्या वैतागली, आणि एका सकाळी वैतागून चहा ठेवून वळली, तर यानं कप उजव्या हातानं उचललेला. तिनं चुलीशी जाऊन मूठभर मीठ घेतलं आणि पाठीमागून त्याची दृष्ट काढली.

कार्तिकात खंजेरी खुंटीवरून निघाली.

कौंडण्यपूरला मांडव भरला होता. माणसं त्या वर्षी नुसती येऊन बसत, बोलत नसत. शेतातलं अळीनं पोखरलेलं उभं पीक पाहून आलेली माणसं ती. उत्तमराव महाराजांनी रुक्मिणीहरणाचं आख्यान लावलं. मांडवामागं देवमन आचाऱ्यानं महाप्रसादाच्या वरणाला नुकतं आधण ठेवलं होतं. त्याचा हिशेब सरळ असे: रुक्मिणी अंबेच्या देवळात शिरली की डाळ टाकायची, श्रीकृष्णाचा रथ निघाला की फोडणी.

चंद्रभाननं हात उचलला. मंडळीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि थाप पडली ती समेच्या जरा आधी.

टाळकऱ्यांना वाटलं, आपणच मागं राहिलो. त्यांनी टाळ पुढं ओढले. चंद्रभानच्या कानावर टाळ आले तसा त्याचा पंजा सवयीनं त्यांच्याही आधी पडला. टाळकरी आणखी धावले. महाराजांचे डोळे मिटलेले. त्यांनी मुकाट्यानं चाल वाढवली. जी रुक्मिणी दर वर्षी हळूहळू लाजत लिहायची, तिनं यंदा पत्र खरडलं आणि ब्राह्मणाला पिटाळलं. ब्राह्मण द्वारकेला पोचून परतही आला. देवळातला जोगवा महाराजांनी एका श्वासात मागितला. शिशुपालाची वरात अजून वेशीवर नाही तोच रुक्मिणी रथात बसून पसार झाली. हरण झालं ते कुणाला कळलंच नाही, लढाई कुणाशी झाली तेही कळलं नाही. मंडळातली आशाबाई अजून लग्नाच्या अक्षतांना कुंकू चोळत होती, आणि मांडवात आरती सुरू झाली.

देवमन डाव हातात घेऊन बाहेर आला. "काय झालं? पाऊस आला का?" त्यानं विचारलं.

महाराजांनी उपरण्यानं घाम पुसला. त्यांना धाप लागली होती. "चंद्रभानजी," ते एवढंच म्हणाले, "देवाले दम तरी घेऊ द्याचा होता."

त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं होतं. चंद्रभान मांडवाच्या मागं जाऊन बसला. समोर डाळ रटरटत होती, आणि डाळ शिजेपर्यंत काय करायचं म्हणून तिकडं माणसं घोंगड्या पसरत होती. कौशल्या जवळ आली तशी त्यानं खंजेरी तिच्या मांडीवर ठेवली.

"हात आला, ताल गेला," तो म्हणाला. "नुसता हात घेऊन मी काय करू? आता पेटीत टाक हे. जागा नसन तर जागा कर."

कौशल्यानं खंजेरी पदरात गुंडाळून घेतली.

जत्रेत परवेजनंही मोबाइलच्या कव्हरांचं दुकान लावलं होतं. तो कीर्तन ऐकायला मांडवाच्या कडेला उभा होता आणि पहिल्या थापेपासून त्याचा चेहरा उतरत गेला होता. तो येऊन चंद्रभानच्या पायाशी बसला.

"काका, ताल नाही गेला," तो म्हणाला. "तुमी खड्डा याच्या आधी दाबून राहिले. खंजेरी म्हंजे माह्यं मशीन नोहे. खंजेरी थाप पडली का तवाच वाजते, उशिरा उडत नाही."

चंद्रभाननं त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं.

सोंगानं बिघडलेलं आता सोंगानं सुधारणार नव्हतं. परवेजची आई खुर्शीदबी, तिनं माळ्यावरून एक गाठोडं काढलं. वलीमियाँचं जुनं मशीन तिनं गोधडीत बांधून ठेवलं होतं. मुलानं कितीदा भंगारात द्यायला सांगितलं, ती दर वेळी उद्या देते म्हणायची. सोबतीला तो जाडजूड पेटीसारखा टीव्ही. परवेजनं धूळ झाडली, तार जोडली, आणि टोपीवाला गडी उगवला. इथं कुणी कुणाचं सोंग घेतलेलं नव्हतं. चंद्रभाननं खड्ड्याच्या आधी बटण दाबलं. गडी आधीच उडाला आणि बरोबर खड्ड्यात उतरला. खुर्शीदबी म्हणाली, "मियाँ असते तं कान पकडला असता तुमचा." मग ती रोज चहा करत राहिली आणि चंद्रभान रोज खड्ड्यात पडत राहिला. एके दिवशी अंगठा थांबायला शिकला. खड्डा पुन्हा ऐकू आला.

पौषात गुरुकुंज मोझरीच्या बाजूच्या एका गावात कीर्तन ठरलं. तेच महाराज, तेच टाळकरी, तोच देवमन. चंद्रभाननं देवाच्या तसबिरीला नमस्कार करून हात उचलला आणि थाप नेमकी समेवर पडली. आणखी एक पडली. कौशल्या बायकांत बसली होती, तिनं डोळे मिटून घेतले. ब्राह्मण आपल्या चालीनं द्वारकेला निघाला. सगळं पूर्वीसारखं, जसं असायला हवं तसं चाललं होतं.

फक्त मंडळी चुळबुळत होती. कुणी मोबाइलमध्ये वेळ बघे, कुणी शेजाऱ्याला कोपरानं ढोसे. पुन्हा काही चुकतंय का? चंद्रभाननं कान देऊन ऐकलं. काही चुकत नव्हतं.

आणि चाल मोठ्यानं चालू असताना उत्तमराव महाराज वीणा सावरत सावरत त्याच्या कानाशी वाकले.

"चंद्रभानजी, तो कौंडण्यपूरवाला हात लावा जरा."

चंद्रभानला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"या हप्त्यात मोटारीची लाइन कीर्तनाच्या वक्तालेच येते," महाराज म्हणाले. "कपाशी तं गेली, आता हरभरा तेवढा उरला हाये. लोकाईले पानी द्याले जाचं हाये." मग देवाकडे न बघता, "मले बी."

चंद्रभाननं समोर पाहिलं. आशेनं भरलेले इतके चेहरे त्यानं त्या वर्षी कुठल्या कीर्तनात पाहिले नव्हते. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. महिनाभर जीव मारून कमावलेली सम त्यानं मनातल्या मनात देवाच्या पायाशी ठेवली, क्षमा माग म्हणून हाताला सांगितलं, आणि थाप मारली ती जरा आधी.

मांडवामागून देवमनची आरोळी ऐकू आली, की अरे, डाळ कच्ची हाये. तोवर रथ निघून गेला होता.

तेव्हापासून कोणत्याही गावचं बोलावणं आलं की आधी विचारतात, हात कोणता आणता? दोन्ही हात चालू राहावेत म्हणून चंद्रभान सकाळी वलीमियाँच्या मशीनवर बसतो आणि संध्याकाळी परवेजच्या. परवेज मात्र अजून झुरतो आहे. आपलं मशीन रडकं राहिलं, हे त्याला सोसत नाही. पुढच्या खेपेला नवा मसाला भरून याला पळवूनच दाखवतो, असं तो ज्याला त्याला सांगतो.

म्हणून मंडळी, एवढंच मागणं. वऱ्हाडातल्या हरभऱ्याची डाळ तुमच्या पानात आली तर घास घेण्याआधी तिवशाच्या त्या परवेजची आठवण काढा. आणि कधी बसस्टँडवर उतरलात तर त्याला सांगा, की बाबा, राहू दे ते उशिरा उडणारं. हरभऱ्याला वेळेवर पानी त्याच्यामुळंच भेटतं.