महाजनकाकांची बिनदुधाची रोटी

रविवारी सकाळी सातला दार वाजलं की मी ओळखतो, महाजनकाका गरम रोटी घेऊन आलेत. मी ती त्यांच्यादेखत खाईपर्यंत ते हलणार नाहीत.

"चाव आधी. बोलू नको."

मी चावतो. ते माझ्या जबड्याकडे टक लावून बघतात. नेपानगरला कागदाच्या कारखान्यात उभी हयात बॉयलरवर गेली, त्यामुळे माणसाच्या तोंडाकडेही ते प्रेशरचा काटा बघावा तसे बघतात.

निवृत्तीनंतर ते बऱ्हाणपुरात आमच्या शेजारी राहायला आले. काकू गेल्यापासून एकटेच. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी गच्चीवर विटामातीची भट्टी बांधली आणि गल्लीत जाहीर केलं, "आता मी विगन रोटी भाजणार!"

समोरच्या भाभींनी ऐकलं 'बैंगन'. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रेमाने दोन किलो वांगी पाठवली. काका तडक त्यांच्या दारात. "भाभीजी, बैंगन नहीं, विगन! दूध, दही, घी, सब बंद!"

भाभी घाबरल्या. "डॉक्टर ने मना किया क्या, भाईसाब?"

पहिली रोटी गल्लीतल्या गाईने हुंगून सोडून दिली. दुसरी माझ्या वाट्याला आली. ती मी चहात बुडवली, तर चहा संपला आणि रोटी तशीच राहिली. शेवटी काका मांडे करणाऱ्या सलीमभाईंना गच्चीवर घेऊन आले. चादरीएवढा मांडा हातावर फिरवणारा तो माणूस पाच मिनिटं काकांचं मळणं बघत राहिला आणि म्हणाला, "काका, आप आटे को डाँटते बहुत हो. थोड़ा आराम दो उसको."

तेव्हापासून काका पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली ठेवतात आणि तासभर त्याच्याशेजारी गप्प बसतात. आम्हालाही बोलू देत नाहीत. "हळू! पीठ झोपलंय." मग त्यात पुदिना, कोथिंबीर, ओव्याची पानं, पळीभर शेंगदाण्याचं तेल.

जानेवारीत एका रविवारी रोटी खरंच जमली. वरून कुरकुरीत, आत लुसलुशीत, पुदिन्याचा वास नाकात. मी म्हणालो, "काका, आता दुकान टाका!"

ते हसले नाहीत. खुर्चीवर बसले.

"मेघा येतेय पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले. मेघा म्हणजे त्यांची मुलगी, पुण्याला नोकरी करते. "उन्हाळ्यात आली तेव्हा म्हणाली, दूध-तूप सोडलंय. मी पाहुण्यांसमोर म्हणालो, मग गोठ्यात पान वाढू का तुझं? सगळे हसले. पोरगी दोन दिवस नुसती केळी खाऊन राहिली. तिसऱ्या दिवशी बॅग भरली. एक शब्द बोलली नाही, सुनील."



बुधवारी तिचा फोन आला. सुट्टी मंजूर झाली नव्हती. काका मोठ्याने म्हणाले, "काही हरकत नाही गं. तसंही इकडे ऊन फार आहे." आम्ही दोघं तेव्हा स्वेटर घालून उभे होतो.

गुरुवारी सकाळी गच्चीवरून धूर दिसला. काकांनी बारा रोट्या भाजल्या, सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात भरल्या आणि मला म्हणाले, "स्टेशनवर सोड." पुण्याला ते कधीच गेले नव्हते. मेघाने दहादा बोलावलं होतं.

फलाटावर त्यांनी डबा दोनदा उघडून पाहिला. मग विचारलं, "तिला काय सांगू? रोटी आणली म्हणू, की चुकलो म्हणू?"

सगळ्या गल्लीला शिकवणारा माणूस मला विचारत होता. "दार उघडल्यावर बघा," एवढंच म्हणालो.

शनिवारी मेघाचा फोन आला. "दादा, घराची चावी तुमच्याकडे आहे ना? बाबा आठवडाभर राहतायत."

"पंधरा दिवस सांग!" मागून काकांचा आवाज.

"आणि रोट्या?" मी विचारलं.

तिने आवाज खाली आणला. "अकरा संपल्या. बारावी मी डब्यात तशीच ठेवलीय, कुणाला खाऊ देत नाही. तीही संपली तर बाबा लगेच पीठ मळायला बसतील. आणि पीठ झोपलं की कुणी बोलायचं नाही म्हणे, दादा. आत्ता कुठे बोलायला लागलोय आम्ही."